एंजलफिशची भाऊबंदकी: घरच्या टँकमध्ये सगळ्यांना सुखाने नांदवायचं कसं

दुकानाच्या टँकमध्ये साठ-सत्तर एंजल गुण्यागोविंदाने फिरत असतात. अंग पाच रुपयांच्या नाण्याएवढं, पर ताठ, सगळे एकाच दिशेने सरकणारे. दुकानदार सांगतो, "एकदम शांत मासा, कशातही टाका." त्या वयापुरतं त्याचं बोलणं खरंही असतं. मग आठ-दहा महिने जातात. त्याच माशांतले दोघं टँकचा अर्धा भाग बळकावतात, बाकीचे फिल्टरच्या पाइपमागे अंग चोरून उभे राहतात, आणि घरातला माणूस दुकानदाराला फोन लावतो, "एंजल अचानक बिघडले, काय करू?" मासे बिघडलेले नसतात, वयात आलेले असतात.

एंजलचा टँक लावायचा म्हणजे त्या आठव्या महिन्याची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवायची. टँकची उंची, माशांची संख्या, शेजारी कोण, जादा टँक कुठे मांडायचा, हे तेव्हाच ठरलं तर पुढची दादागिरी आटोक्यात राहते. भांडणं सुरू झाल्यावर नुसते तोडगे करून फारसं काही हाती लागत नाही.

आधी मासा समजून घ्या

एंजल सिक्लिड कुळातला. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, तिलापिया हे त्याचे भाऊबंद. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन, तोही ह्याच कुळातला. जागा धरून बसणं आणि अंडी-पिल्लं जिवापाड राखणं हा ह्या कुळाचा स्वभाव, आणि एंजलमध्ये तो पुरेपूर उतरलाय. फक्त त्याचं रूप इतकं नाजूक की लोकांना शंका येत नाही.

आपल्याकडे मिळणारा जवळजवळ प्रत्येक एंजल टेरोफायलम स्केलारे ह्या एकाच जातीचा. १८२३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. संथ पाण्यात बुडालेल्या फांद्या, मुळं आणि उंच पानं ह्यांच्या दाटीत तो राहतो. चपटं, उभं अंग आणि त्यावरचे काळे उभे पट्टे त्या दाटीत मिसळून जातात. सिल्व्हर, मार्बल, कोई, प्लॅटिनम, पर्लस्केल हे सगळे माणसाने पैदास करून काढलेले रंग आणि पोत, जात तीच. त्यामुळे "प्लॅटिनम गरीब असतो, मार्बल भांडखोर" असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. फरक पडतो तो परांच्या लांबीने. व्हेलटेल एंजलचे पर लांब आणि जड, त्यामुळे तो पोहायला मंद. साध्या परांच्या एंजलबरोबर ठेवला तर खाण्यातही मागे पडतो आणि पळण्यातही.

"अल्टम" ही मात्र खरोखर वेगळी जात आहे, ओरिनोको आणि रिओ नेग्रो ह्या नद्यांकडची. तिला अगदी मऊ, म्हणजे फार कमी क्षारांचं, आम्लधर्मी पाणी लागतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. दुकानात कधीकधी जरा उंच अंगाच्या साध्या एंजललाही हेच नाव चिकटवून भाव वाढवतात.

पहिलं पाऊल: लिटरच्या आधी उंची

पूर्ण वाढलेला एंजल तोंडापासून शेपटीपर्यंत साधारण १५ सेंमी भरतो, पण वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत मोजलं तर २० सेंमीच्या पुढे सहज जातो. एक फूट उंचीच्या टँकमध्ये तळाला दोन इंच खडी आणि वर दोन इंच मोकळी जागा सोडली की पाणी उरतं आठ इंच, म्हणजे जेमतेम त्याच्या उंचीएवढं. तिथे पर वाकतात, वाढ खुंटते, आणि हरलेल्या माशाला खाली-वर कुठेच सटकता येत नाही. उंची किमान दीड फूट हवी, दोन फूट असेल तर फारच छान.

किती पाणी मावेल ह्याचा हिशोब सोपा: लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणायची आणि येईल त्याला २८ ने गुणायचं. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टँक म्हणजे सुमारे १९० लिटर. ह्यात एक एंजल किंवा एक जमलेली जोडी आणि थोडे शेजारी, बस्स. चार फूट लांब, दीड रुंद, दोन फूट उंच टँक म्हणजे सुमारे ३४० लिटर. ह्यात पाच-सहा मोठे एंजल एकत्र नांदू शकतात. सगळ्यांच्या घरी असतो तो दोन बाय एक बाय एकचा टँक, ५६ लिटरचा, तो एंजलचं कायमचं घर होऊ शकत नाही. पण विकू नका, पुढे त्याची फार गरज पडणार आहे.

चार फुटी टँक भरला की नुसत्या पाण्याचंच वजन सव्वातीनशे किलोच्या घरात जातं, वर काच, खडी, स्टँड वेगळं. फ्लॅटमध्ये तो खोलीच्या मधोमध न ठेवता बीमजवळच्या भिंतीला लावून ठेवा, आणि काचेची जाडी ठरवताना टँक बनवणाऱ्याला उंची दोन फूट आहे हे ठासून सांगा. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो, लांबीवर नाही.

दुसरं पाऊल: पाणी, आणि पाण्याचं तापमान

फार्मवर वाढलेला एंजल पाण्याच्या बाबतीत बराच सोशिक असतो. पीएच साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असेल तर उत्तमच. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ, त्याला काहीच करावं लागत नाही. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, तेही बऱ्याचदा चालून जातं. पीएच खाली आणायच्या बाटल्या ओतत बसू नका. मासा एका आकड्याला सरावतो, रोज हलणाऱ्या आकड्याला नाही.

टँकची सायकल पूर्ण होऊ द्या. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत एंजल आणू नका. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज मिळाला तर आपल्या फिल्टरमध्ये घाला, काम बरंच लवकर होतं.

तापमानाचा भांडणाशी थेट संबंध आहे. पैदास करणारे लोक पाणी २८ अंशांच्या वर ठेवतात, कारण उबदार पाण्यात एंजल लवकर अंड्यावर येतात. आपल्याला कम्युनिटी टँकमध्ये, म्हणजे वेगवेगळे मासे एकत्र नांदतात अशा टँकमध्ये, नेमकं ते टाळायचं आहे, म्हणून २५ ते २६ अंश ठेवा. कोकणात आणि मुंबईत हिटर फारसा लागत नाही. पुण्या-नाशकाच्या थंडीत लागतोच, लिटरला साधारण एक वॅट ह्या हिशोबाने. विदर्भात उलटी गत, मे महिन्यात पाणी ३२ च्या पुढे जातं. तिथे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून उन्हाळाभर एअर पंप रात्रंदिवस चालू राहू दे. बर्फाची बाटली मात्र सोडू नका. पाणी भसकन थंड होऊन परत तापतं, आणि त्या हेलकाव्यात मासे आजारी पडतात.

तिसरं पाऊल: आडोसा

बहुतेक लोक इथेच कमी पडतात. टँक सजवताना आपण समोरून बघतो, म्हणून सगळी सजावट मागच्या काचेला लागते आणि पुढे लांबच लांब मोकळं मैदान उरतं. एंजलला ते मैदान म्हणजे एका नजरेत मावणारी जहागीर. जितकं दिसतं तितकं सगळं आपलं, असा त्याचा हिशोब.

टँकच्या बाजूला, आखूड काचेपाशी बसा. डोळे पाण्याच्या मध्यावर आणा आणि लांबच्या काचेकडे बघा. सरळ आरपार दिसत असेल तर आडोसा नाही. निदान दोन ठिकाणी नजर अडली पाहिजे, तीही तळापासून पृष्ठभागाच्या जवळपर्यंत. एंजल मधल्या आणि वरच्या पाण्यात राहतो. तळाला ठेवलेली गुहा, मडकं, किल्ला, पूल ह्यांचा त्याला आडोसा म्हणून काहीच उपयोग नाही.

उभं ड्रिफ्टवूड सगळ्यात चांगलं. आधी उकळून आणि आठवडाभर भिजवून घ्या. त्यानंतरही पाणी चहाच्या रंगाचं झालं तर घाबरू नका, एंजलला ते मानवतं. व्हॅलिसनेरिया झपाट्याने वाढून पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पसरते, त्या पट्ट्यांमध्ये घाबरलेला मासा छान लपतो. ॲमेझॉन स्वॉर्डची रुंद पानं दिसायला सुरेख, पण अंडी घालायलाही तीच पानं आवडतात, म्हणून स्वॉर्ड टँकच्या मधोमध न लावता एका टोकाला लावा. पुढे जोडीने ते पान धरलं तर निदान टोकाचा कोपराच जाईल, मधला चौक नाही. लाकडाला बांधून जावा फर्न आणि अनुबियास लावता येतात, त्यांना फार उजेड लागत नाही. प्लास्टिकच्या कडक पानांनी पर फाटतात. खोटी झाडं लावायचीच असली तर कापडी घ्या.

दगड उभे करायचे असतील तर शहाबादी फरशीचे तुकडे वापरू नका. तो चुनखडीचा दगड आहे, पाणी जड करत राहतो. कडाप्पाचंही तेच. त्यापेक्षा घराचं जुनं मातीचं कौल धुऊन तिरकं टेकवा. आडोसाही होतो आणि अंडी घालायला आयती फळीही, ती कुठे असावी हे आपण ठरवलेलं.

फिल्टरचा झोत थेट मधोमध येऊ देऊ नका. चपट्या अंगाचा मासा जोराच्या प्रवाहात दमतो, मग सगळेच संथ कोपऱ्याकडे धावतात आणि तिथे गर्दी होते. झोत काचेवर किंवा पृष्ठभागाकडे वळवा.

चौथं पाऊल: किती घ्यायचे आणि कसे निवडायचे

एक एंजल एकटा ठेवला तरी चालतो. जातभाई नसले म्हणून तो झुरत नाही, शेजाऱ्यांत रमतो. तीन फुटी टँकवाल्यांना मी बहुतेक वेळा हेच सुचवतो, आणि बहुतेकांना ते पटत नाही.

दोन घेतले तर जुगार. लहान वयात नर-मादी ओळखता येत नाहीत. दोघांची जोडी जमली तर ठीक, नाहीतर एक राजा आणि एक कायमचा आरोपी. तीन तर सगळ्यात वाईट, कारण दोघांचं जमतं आणि तिसऱ्याची सुटका नसते. चारमध्ये तेच, फक्त मार खाणारे दोन. पाच-सहा झाले की गणित बदलतं. दांडगा मासा एकाच्याच मागे लागू शकत नाही, राग वाटला जातो, आणि त्यांच्यात वरपासून खालपर्यंत एक उतरंड ठरून जाते. उतरंड ठरली की रोजची मारामारी कमी होते, नुसते पर फुलवून काम भागतं. म्हणून चार फुटी टँकमध्ये सहा पिल्लं घ्या. तीन फुटीत जोडीच हवी असेल तर पाच-सहा पिल्लं वाढवून त्यांची त्यांना जोडी जमवू द्या, आणि बाकीचे परत द्यायचं दुकानदाराशी आधीच ठरवा.

सगळे एकाच दिवशी, एकाच टँकमधून आणि एकाच मापाचे घ्या. दुकानात एंजलचे भाव मापावर ठरतात, त्यामुळे "दोन मोठे घेऊ, चार छोटे घेऊ" असा मोह होतो. मोठे दोघं घरी पोचल्यावर अर्ध्या तासात जागा वाटून घेतात.

मासा बघताना आधी डोळा बघा. अंगाच्या मानाने डोळा फार मोठा वाटत असेल तर तो मासा वयाने मोठा पण वाढ खुंटलेला आहे. दोन्ही बाजूंची कल्ल्यांची झाकणं पूर्ण बंद होतात ना, पोट आत ओढलेलं नाही ना, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबत नाही ना, हे बघा. दुकानदाराला चार दाणे टाकायला सांगा. धावत येऊन खाणारे निवडा, पण सगळ्यांना हुसकावून खाणारा तेवढा सोडा.

पाचवं पाऊल: शेजारी

एंजलच्या तोंडात मावेल ते खाणं आणि जो एंजलचे पर कुरतडेल तो शत्रू, ह्या दोन चाळण्यांतून निवड करायची.

पहिल्या चाळणीत निऑन टेट्रा अडकतो. सडपातळ, जेमतेम तीन सेंमीचा. एंजल लहान असताना दोघं एकत्र छान दिसतात, मग एक-एक निऑन कमी होत जातो आणि मेलेला मासा कुठेच सापडत नाही. गप्पी आणि छोटी कोळंबीही गेलीच समजा. दुसऱ्या चाळणीत टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा. लांब पर बघून त्यांना राहवतच नाही. विडो टेट्राही कमी संख्येत असला की तेच करतो. वर तो बऱ्याचदा गुलाबी-हिरव्या रंगांत रंगवून विकतात, त्या वाटेला न गेलेलंच बरं.

फायटर, गोल्डफिश, रेड टेल शार्क, ऑस्कर ह्यांपैकी एकही नको. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि तो घाणही फार करतो. बाकीच्यांशी मारामारी अटळ आहे.

आता तो प्रसिद्ध "काच साफ करणारा" सकर मासा. दोन इंचाचा येतो, फुटाच्या पुढे जातो, आणि मोठा झाला की रात्री एंजलच्या चपट्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. सकाळी एंजलच्या कुशीवर गोल, फिक्या रंगाचा ओरखडा दिसला तर मारामारीचा संशय घेण्याआधी सकरकडे बघा. त्याऐवजी ब्रिसलनोझ हा त्याचा छोटा भाऊबंद घ्या. पाच इंचांच्या आत राहतो आणि आपल्या कामाशी काम ठेवतो.

चालतात कोण? तळाला कॉरिडोरास, निदान सहा, कारण दोन-तीन असले की ते दबून राहतात. मधल्या पाण्यात रमीनोझ टेट्रा दहा-बारा, किंवा लेमन टेट्रा. हे झुंडीने फिरतात आणि त्यांच्या निवांत फिरण्याने एंजलही निर्धास्त होतात. समोर छोटे मासे बिनधास्त हिंडतायत म्हणजे धोका नाही, इतकं त्याला कळतं. पर्ल गुरामी एखाद-दुसरा चालतो. बोअरच्या जड पाण्यात टेट्रांपेक्षा पूर्ण वाढलेल्या मॉली आणि प्लॅटी जास्त टिकतात, त्यांची पिल्लं मात्र खाल्ली जातील ह्याची तयारी ठेवा.

दुकानात पिवळसर-तपकिरी पट्ट्यांचा झेब्रा लोच दिसला तर जरा थांबा. बोटिया स्ट्रायाटा नावाचा हा मासा फक्त आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांत सापडतो आणि धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. स्वभावाने एंजलशी जुळेलही, पण नदीतून पकडून आणलेला असण्याची शक्यता मोठी. मी तो घेत नाही.

सहावं पाऊल: सोडण्याचा क्रम

दोन फुटी टँक आता बाहेर काढा. स्पंज फिल्टर, हिटर, एक कापडी झाड, खडी नको. नवीन एंजल आधी इथे तीन-चार आठवडे. पांढरे ठिपके, दोऱ्यासारखी विष्ठा, एकाच बाजूचा कल्ला जोरात हलणं, जे काय असेल ते इथे दिसतं आणि इथेच उपचार होतात. मोठ्या टँकमध्ये औषध ओतायची वेळ आली तर फिल्टरमधले जिवाणूही मरू शकतात आणि कॉरिडोराससारखे नाजूक मासे आधी लोळतात. सहा पिल्लं नाण्याएवढी आहेत तोवर दोन फुटीत महिनाभर राहतात. पाणी मात्र दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं बदला.

मोठ्या टँकमध्ये आधी कॉरिडोरास आणि टेट्रा, त्यांना रुळायला दोन-तीन आठवडे, आणि सगळ्यात शेवटी सगळे एंजल एकदम. जो आधी येतो त्याला जागा आपली वाटते, म्हणून एंजलला ती संधीच द्यायची नाही. संध्याकाळी लाइट बंद करून सोडा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग मासे जाळीने उचलून घाला, पिशवीतलं पाणी बाहेर.

जुन्या गटात नंतर एखादा नवा एंजल आणायचाच झाला तर त्या दिवशी लाकूड, झाडं, कौल सगळ्यांच्या जागा बदला. सीमारेषा पुसल्या गेल्या की जुन्यांनाही नव्याने सुरुवात करावी लागते. एकटा आणू नका, दोन आणा.

खाऊ घालणं

भांडणाची रोजची ठिणगी इथे पडते. दाणे एकाच कोपऱ्यात पडले की दांडगा मासा तिथे उभा राहतो आणि बाकीचे उपाशी. दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका. दिवसातून दोन वेळा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच. छोटे बुडणारे दाणे मुख्य, आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म किंवा ब्राइन श्रिंप. जिवंत ट्यूबिफेक्स गटारांच्या घाण पाण्यातून येतो, त्याच्याबरोबर रोगही येतात. स्वस्त पडला तरी नको. कॉरिडोराससाठी बुडणारी गोळी लाइट बंद केल्यावर टाका, नाहीतर एंजल तीही पळवतात.

एंजल फार लवकर माणूस ओळखायला शिकतात. आपण काचेसमोर आलो की सगळे गोळा होतात आणि भुकेने मेल्याचा आव आणतात. त्याला भुलू नका.

भांडण वाचायला शिका

सगळी भांडणं थांबवायची नसतात. दोन एंजल समोरासमोर येऊन पर पूर्ण उघडतात, पट्टे गडद होतात, एकमेकांना समांतर उभे राहून शेपटीने पाणी मारतात, आणि एक जण वळून निघून जातो. हे बोलणं झालं. होऊ द्या. तोंडात तोंड अडकवून ढकलाढकली करतात ते बघायला भयंकर वाटतं, पण दोघं बरोबरीचे असतील तर अर्ध्या-एक मिनिटात सुटतात आणि त्यातूनच उतरंड ठरते. ओठ सोलले गेले, किंवा तेच पुन्हापुन्हा चाललंय असं दिसलं, तर मधे पडा.

काळजी हरणाऱ्याची करायची. मार खाणारा एंजल कसा दिसतो ते नीट बघून ठेवा: वरच्या कोपऱ्यात, हिटरच्या किंवा पाइपच्या आडोशाला, पर मिटलेले, अंग किंचित तिरकं, पट्टे फिके पडलेले. खाणं टाकल्यावर एक पाऊल पुढे येतो आणि दुसऱ्याने नुसतं वळून बघितलं की परत मागे. त्याच्या अंगावर एकही जखम नसते, पण दोन दिवस तो असाच राहिला तर तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

कोणाला काढायचं? आपला हात सहज मार खाणाऱ्याकडे जातो. त्याच्या अंगावर जखम असेल किंवा खाणं सुटलं असेल तर त्याला काढून दोन फुटीत विश्रांती द्यावीच लागते. पण नुसत्या त्याला काढल्याने प्रश्न सुटत नाही, दांडगा मासा दुसरं गिऱ्हाईक शोधतो. त्यालाही हलवा. आठवडा-दहा दिवस दांडगा बाहेर, तोवर आत नवी उतरंड बसते, मग जागा बदलून संध्याकाळी त्याला परत सोडा. तो आता नवा गडी असतो आणि बऱ्याचदा निम्मा जोर उतरलेला असतो. दोघांनाही एकाच छोट्या टँकमध्ये ठेवायची वेळ आली तर मधे काचेची किंवा प्लास्टिकच्या जाळीची भिंत घाला. परत सोडल्यावरही तेच वागला तर तो मासा गटाचा नाही. त्याला एकट्याचा टँक द्या किंवा घर शोधा.

जोडी जमली की

चिन्हं आठवडाभर आधी दिसतात. दोघं एका कोपऱ्यातून हलत नाहीत. एक पान, पाइप किंवा काचेचा तुकडा तोंडाने चोखून-चोखून साफ करतात, इतका की त्या जागेवरचं शेवाळ जाऊन गोल चकचकीत डाग उरतो. पोटाखाली छोटी नळी बाहेर येते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. नर-मादी ओळखायची खात्रीची वेळ हीच. कपाळाच्या उंचवट्यावरून ओळखायचं म्हणतात त्यावर भरवसा ठेवू नका. कधी दोन माद्याच जोडी करून बसतात. अंडी होतात, पण सगळी दोन दिवसांत पांढरी पडतात.

अंडी शेकड्यांनी असतात, ओळीने चिकटवलेली. दोन-अडीच दिवसांत फुटतात, पिल्लं आणखी चार-पाच दिवस पानाला चिकटून वळवळतात आणि मग पोहू लागतात. ह्या काळात जोडी टँकचा निम्मा भाग बंद करते. सहा इंचाचा एंजल आपल्या हातावरही धावून येतो, काच पुसताना त्याचा दणका चांगला जाणवतो.

चार फुटी टँकमध्ये पुरेसा आडोसा असेल तर बाकीचे दुसऱ्या टोकाला आठवडाभर दिवस काढतात. रात्री ब्रिसलनोझ किंवा कॉरिडोरास अंड्यांवर ताव मारतात आणि प्रकरण आपोआप मिटतं, बहुतेक वेळा असंच होतं. पण जोडी सुटलेली नसते. अंडी गेली की दहा-पंधरा दिवसांत पुन्हा तयारी. दर पंधरवड्याला बाकीच्यांवर संचारबंदी लागत असेल तर जोडीला बाहेर काढा. बाकीच्या चौघांना काढून जोडीला मोठा टँक देण्याचा मोह होतो, पण कम्युनिटी हवी असेल तर जाणारी जोडीच. पिल्लं वाढवायची हौस असेल तर तिला शंभर लिटरचा स्वतंत्र टँक पुरतो. नसेल तर तापमान एक-दोन अंश उतरवा, आवडतं पान छाटा, कौल उचला. जोर कमी होतो, पूर्ण जात नाही.

पाणी बदलणं, जरा बेताने

आठवड्याला पाव टँक पाणी बदलणं हा नियम बहुतेकांना माहीत असतो. त्याचं भांडणाशी असलेलं नातं फारसं कोणी सांगत नाही. माशांना एकमेकांची पायरी पाण्यातल्या वासावरूनही कळते. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१८ साली एंजलवरच केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकदम निम्मं पाणी बदललेल्या गटांत मारामारी जास्त वाढली, पाव बदललेल्या गटांत तेवढी नाही. वास पातळ झाला की ठरलेली उतरंड पुन्हा ठरवावी लागते, असा त्याचा अर्थ. म्हणून दोन आठवडे आळस करून मग निम्मा टँक उपसण्यापेक्षा दर आठवड्याला पाव बदला. नवीन पाणी टँकच्या तापमानाचं असू द्या, अँटिक्लोर (क्लोरिन मारणारं औषध) घातलेलं. पावसाळ्यात पालिकेच्या पाण्यात क्लोरिनचा डोस वाढतो, नळाजवळ गेलं की वासच येतो. त्या दिवशी मात्रा मोजून घाला, अंदाजाने नको. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा, नळाखाली नाही.

वीज जाण्याचं प्रमाण जास्त असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा. गर्दीच्या टँकमध्ये एंजल दोन-तीन तासांत पृष्ठभागाला येऊन तोंड उघडू लागतात.

जादा झालेला मासा

सहातला एक तरी कधी ना कधी द्यावा लागतो. निरोगी, मोठा एंजल बहुतेक दुकानं बदल्यात घेतात, त्यात खाऊ किंवा टेट्रा मिळतात. पण गर्दीच्या रविवारी जाऊ नका, आधी फोन करा. नदीत, तलावात, विहिरीत सोडायचा विचारही नको. सकर मासा आज भारतातल्या कित्येक नद्यांत ठाण मांडून बसलाय तो असाच कोणीतरी सोडलेला. न्यायचा असेल तर आदल्या दिवशी उपाशी ठेवा, म्हणजे पिशवीतलं पाणी खराब होत नाही. एका पिशवीत एकच मासा, पिशवी दुहेरी आणि उंच, एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. लांब पर पिशवीच्या कोपऱ्यात अडकू नयेत म्हणून खालचे दोन्ही कोपरे रबरबँडने बांधा, पिशवी कागदात गुंडाळून अंधार करा, आणि उन्हाळा असेल तर सकाळी नऊच्या आत पोचवा.